व्हीटचा प्रोजेक्ट बनतो पण सुरू होत नाही: आधी त्रुटी कोण देतंय ते ओळखा

एचटीएमएल, सीएसएस आणि थोडी जावास्क्रिप्ट एवढीच साइट असली तरी हल्ली सुरुवात एका ओळीनं होते: ‘एनपीएम क्रिएट व्हीट@लेटेस्ट’. व्हीट म्हणजे साइट लिहिताना ती ब्राउझरमध्ये चालवून दाखवणारं आणि शेवटी प्रसिद्ध करण्याजोगी बांधून देणारं साधन. रिॲक्टचे प्रोजेक्ट बनवणारं जुनं साधन क्रिएट रिॲक्ट ॲप फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे बाद झालं, तेव्हापासून तर नवशिक्यांच्या हातात पहिलं हेच साधन पडतं. आणि त्याबरोबर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते. फोल्डर तयार झालं, फाइल्सही दिसतात, पण ‘एनपीएम रन डेव्ह’ म्हटलं की लाल अक्षरांची रांग. कोणीतरी सांगतं, नोड_मॉड्यूल्स (उतरवलेल्या पॅकेजांचं फोल्डर) उडवून परत इन्स्टॉल कर. कधी चालतं, कधी नाही. चाललं तरी आठवड्याभरानं तेच परत.

परत येण्याचं कारण सरळ आहे. दोष बहुतेक वेळा व्हीटमध्ये नसतोच; तो शेल (टर्मिनलमध्ये आज्ञा घेणारा प्रोग्राम), एनपीएम (पॅकेजं उतरवणारं साधन), नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) किंवा फोल्डरची जागा यांपैकी एका ठिकाणी असतो, आणि उपाय भलतीकडेच केला जातो.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक सूचना: खालच्या आज्ञा आणि संदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर आज्ञा अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. व्हीटचं स्पेलिंग व्ही-आय-टी-ई. त्रुटींचे बहुतेक सांकेतिक शब्द, उदाहरणार्थ ‘ईएसीसीईएस’, एकेक अक्षर वाचून लिहिले आहेत.

एका ओळीमागे काय घडतं

‘एनपीएम क्रिएट व्हीट’ म्हणजे ‘क्रिएट-व्हीट नावाचं पॅकेज तात्पुरतं उतरवून चालव’. हे पॅकेज अगदी लहान काम करतं. टेम्प्लेटचं फोल्डर नव्या ठिकाणी कॉपी करतं, ‘_गिटइग्नोर’ या फाइलचं नाव बदलून ‘.गिटइग्नोर’ करतं आणि पॅकेज.जेसनमध्ये प्रोजेक्टचं नाव लिहितं. अलीकडच्या आवृत्त्या ‘लगेच इन्स्टॉल करून सुरू करू का’ असं विचारतात. तेवढं सोडलं तर त्याचं काम संपलं. खरं व्हीट त्यानंतर ‘एनपीएम इन्स्टॉल’ केल्यावर येतं, आणि ते नोडवर चालतं.

म्हणून त्रुटी आली की शेवटची ओळ वाचण्याआधी पहिली वाचा. ‘कमांड नॉट फाउंड’ किंवा ‘इज नॉट रेकग्नाइज्ड’ असं असेल तर शेल बोलतंय. ‘एनपीएम ईआरआर!’ (नव्या आवृत्तीत नुसतं ‘एनपीएम एरर’) असेल तर एनपीएम. ‘सिंटॅक्सएरर’ किंवा ‘टाइपएरर’ आणि खाली ‘नोड:इंटर्नल’च्या ओळी असतील तर नोड. टर्मिनल शांत, पण ब्राउझरमध्ये पांढरं पान असेल, तर ही वेगळीच जात आहे आणि ती शेवटी घेतली आहे. एनपीएमच्या बाबतीत एक चकवा आहे: आतली स्क्रिप्ट पडली की एनपीएम शेवटी स्वतःच्या चारपाच ओळी जोडतं. त्या ओळी शोधत बसू नका. खरं कारण त्यांच्या वर असतं.

नोडची आवृत्ती: सगळ्यात जास्त वेळा हेच

‘क्रिप्टो.हॅश इज नॉट अ फंक्शन’. हा संदेश आला की बाकी काही तपासू नका. नोड जुनं आहे. व्हीट ७, जे जून २०२५ मध्ये आलं, त्याला नोड २०.१९ किंवा त्यापुढचं २०, नाहीतर २२.१२ किंवा त्यापुढचं लागतं. त्रुटीत नाव आलेलं फंक्शन नोडच्या २० मालिकेत २०.१२ मध्ये आलं. १८ मध्ये ते नाहीच.

मग इन्स्टॉल कसं झालं? कारण पॅकेजमध्ये लिहिलेली नोडची अट एनपीएम सक्तीनं पाळत नाही. ते ‘ईबॅडइंजिन’ असा पिवळा इशारा देतं आणि पुढे जातं. पन्नास ओळींच्या गर्दीत तो इशारा कुणी वाचत नाही. ‘इंजिन-स्ट्रिक्ट=ट्रू’ ही ओळ प्रोजेक्टच्या .एनपीएमआरसी फाइलमध्ये टाकली तर इन्स्टॉल तिथंच थांबतं. ज्या प्रोजेक्टवर एकाहून जास्त माणसं काम करतात, तिथं ही ओळ असलेली बरी.

‘जुना प्रोजेक्ट याच मशीनवर चालतो, नवाच चालत नाही’ या कोड्याचं उत्तरही इथंच आहे. जुन्या प्रोजेक्टच्या पॅकेज-लॉक.जेसनमध्ये व्हीट ५ गोठवलेलं असतं आणि ते नोड १८ वर सुखानं चालतं. नवा प्रोजेक्ट ‘@लेटेस्ट’मुळे नवं व्हीट आणतो. मशीन तेच, मागणी बदलली.

उबंटूवर हे हमखास घडतं. ‘एपीटी इन्स्टॉल नोडजेएस’ केलं तर उबंटू २२.०४ मध्ये नोड १२ मिळतं आणि २४.०४ मध्ये १८. दोन्ही अपुरे. नोड १२ वर तर क्रिएट-व्हीटसुद्धा उघडत नाही. ‘अनएक्स्पेक्टेड टोकन’सारखी सिंटॅक्सएरर येते, कारण त्या नोडला नवी जावास्क्रिप्ट वाचताच येत नाही. एपीटीमधलं नोड काढून टाका आणि एनव्हीएम किंवा एफएनएमनं (नोडच्या आवृत्त्या बसवून बदलून देणारी साधनं) २२ किंवा २४ घ्या. या दोन्ही दीर्घकाळ आधाराच्या मालिका आहेत. नोड १८ चा आधार एप्रिल २०२५ मध्ये संपला.

एनव्हीएम घेतल्यावरही त्रुटी ‘परत’ येते, त्याचं कारण मात्र वेगळं. लिनक्स-मॅकवर ‘एनव्हीएम यूज २२’ ही आज्ञा फक्त त्या उघड्या टर्मिनलपुरती असते. नवी खिडकी उघडली की पुन्हा डिफॉल्ट आवृत्ती. कायमचं करायचं तर ‘एनव्हीएम एलिअस डिफॉल्ट २२’ द्या. शिवाय प्रोजेक्टच्या मुळाशी .एनव्हीएमआरसी नावाच्या फाइलमध्ये नुसतं २२ लिहून ठेवा. मग तिथं ‘एनव्हीएम यूज’ एवढंच म्हटलं तरी पुरतं. हे सगळं झाल्यावर एडिटर पूर्ण बंद करून उघडा. व्हीएस कोड सुरू होताना जो पाथ (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी) वाचतो तोच त्याच्या आतल्या टर्मिनलला मिळतो. नुसतं नवं टॅब उघडून बऱ्याचदा काही फरक पडत नाही.

नोड दोन ठिकाणी बसलेलं असणं ही तिसरी शक्यता. लिनक्स आणि मॅकवर ‘टाइप -ए नोड’, विंडोजवर ‘व्हेअर.ईएक्सई नोड’. शेवटचं ‘.ईएक्सई’ गाळू नका: पॉवरशेलमध्ये नुसतं ‘व्हेअर’ हे वेगळ्याच आज्ञेचं टोपणनाव आहे आणि ते काहीच न दाखवता परत येतं, त्यामुळे नोड नाहीच असा गैरसमज होतो. यादीत दोन पत्ते दिसले तर वरचा वापरात आहे. विंडोजवर एनव्हीएम बसवण्याआधी संकेतस्थळावरून बसवलेलं नोड कंट्रोल पॅनलमधून काढावं लागतं. ते राहिलं की दोघांची ओढाताण चालू होते.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रशासकाचे अधिकार नसतात आणि नोड १८ च्या पुढे जाता येत नाही. तिथं दोन वाटा. नोडची झिप फाइल स्वतःच्या फोल्डरमध्ये सोडवून वापरकर्त्याच्या पाथमध्ये तो पत्ता पहिला लावा, त्याला अधिकार लागत नाहीत. तेही जमत नसेल तर ‘एनपीएम क्रिएट व्हीट@६’ द्या; क्रिएट-व्हीटची सहावी मालिका व्हीट ६ चं टेम्प्लेट देते आणि ते नोड १८ वर चालतं. शिकण्यासाठी एवढं पुरेसं आहे. प्रसिद्ध करायच्या साइटसाठी मात्र पहिलीच वाट घ्यावी.

टेम्प्लेट दिलं तरी प्रश्न विचारतंच राहतं

‘एनपीएम क्रिएट व्हीट@लेटेस्ट माझीसाइट --टेम्प्लेट व्हॅनिला’ असं लिहिलं तर एनपीएम ७ पासून पुढे ‘--टेम्प्लेट’ हा पर्याय एनपीएम स्वतःसाठीच आहे असं समजतं. क्रिएट-व्हीटपर्यंत तो पोचत नाही आणि फ्रेमवर्क निवडायची यादी पुढे येते. एनपीएम ११ ‘अननोन सीएलआय कॉन्फिग’ असा इशारा तरी देतं, आधीच्या आवृत्त्या गप्प राहतात. मधे दोन सुट्या रेघा लागतात: ‘एनपीएम क्रिएट व्हीट@लेटेस्ट माझीसाइट -- --टेम्प्लेट व्हॅनिला’. पहिल्या दोन रेघांचा अर्थ ‘यापुढचं सगळं पुढच्याला दे’.

एवढं बरोबर लिहूनही पॉवरशेलमध्ये यादी आली, तर त्या रेघा पॉवरशेलनं गिळल्या आहेत. तिथं ‘एनपीएम’ म्हणजे प्रत्यक्षात एनपीएम.पीएस१ ही स्क्रिप्ट असते, आणि पॉवरशेल स्क्रिप्टला आर्ग्युमेंट देताना सुटं ‘--’ स्वतःच काढून टाकतं. ‘एनपीएम’ऐवजी ‘एनपीएम.सीएमडी’ लिहा, प्रश्न मिटतो.

याच ‘.सीएमडी’नं दुसरंही एक दुखणं जातं: ‘एनपीएम.पीएस१ कॅनॉट बी लोडेड बिकॉज रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’. कायमचा उपाय म्हणजे पॉवरशेलमध्ये ‘सेट-एक्झिक्यूशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड’. ‘अनरिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘बायपास’ असा सल्ला बऱ्याच ठिकाणी फिरतो. एवढ्यासाठी दार उघडं टाकायची गरज नाही.

नवी आवृत्ती मागूनही जुनंच टेम्प्लेट येतं

‘@लेटेस्ट’ गाळून नुसतं ‘एनपीएम क्रिएट व्हीट’ लिहिलं की पूर्वी उतरवलेली प्रत जशीच्या तशी वापरली जाऊ शकते. ती प्रत ‘_एनपीएक्स’ नावाच्या फोल्डरात असते: लिनक्स-मॅकवर घरच्या फोल्डरातल्या ‘.एनपीएम’ मध्ये, विंडोजवर लोकल ॲपडेटामधल्या ‘एनपीएम-कॅश’ मध्ये. ‘एनपीएम कॅश क्लीन --फोर्स’ हे फोल्डर साफ करत नाही, ते फक्त शेजारचं ‘_कॅकॅश’ पुसतं. त्यामुळे ‘कॅश साफ केली तरी तेच’ ही तक्रार खरीच असते. ‘_एनपीएक्स’ हातानं काढून टाका आणि पुढे ‘@लेटेस्ट’ लिहायची सवय ठेवा.

फोल्डरचं नाव आणि जागा

फोल्डरचं नाव देवनागरीत ठेवलं तर क्रिएट-व्हीट अडत नाही, पण ‘पॅकेज नेम’ असा एक जास्तीचा प्रश्न विचारतं, कारण पॅकेजच्या नावात फक्त लहान रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हं चालतात. ते स्वतः सुचवतं ती नुसती एक आडवी रेघ असते. एंटर दाबून पुढे जाऊ नका. तिथं नीट रोमन नाव द्या. मोठी अक्षरं आणि मोकळ्या जागाही पॅकेजच्या नावात चालत नाहीत.

‘&’ हे चिन्ह मात्र विंडोजवर खरं घातक. ‘एचटीएमएल & सीएसएस’ अशा फोल्डरात प्रोजेक्ट असेल तर ‘एनपीएम रन डेव्ह’ म्हटल्यावर “‘सीएसएस\नोड_मॉड्यूल्स\.बिन\’ इज नॉट रेकग्नाइज्ड” असं अर्धवट पत्त्याचं काहीतरी येतं. विंडोजचं शेल ‘&’ला दोन आज्ञांमधला विराम समजतं आणि पत्ता तिथंच तोडतं. हे चिन्ह वरच्या कुठल्याही फोल्डरात असलं तरी पुरे. ‘#’ असलेल्या पत्त्याबद्दल व्हीट स्वतः इशारा देतं, कारण वेबच्या पत्त्यात ‘#’ नंतरचा भाग फाइलचा धरला जात नाही. दोन्हींचा उपाय नाव बदलणं हाच. नाव बदलल्यावर परत इन्स्टॉल करायची गरज सहसा पडत नाही.

विंडोजवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं अनेकदा न सांगता वनड्राइव्हमध्ये गेलेली असतात. नोड_मॉड्यूल्समध्ये हजारो बारीक फाइल्स. एनपीएम त्यांची नावं बदलत असतानाच वनड्राइव्ह त्या वर चढवायला धरून ठेवतं आणि ‘ईपीईआरएम’ किंवा ‘ईबीयूएसवाय’ येतं. दरवेळी वेगळ्याच फाइलचं नाव दिसतं, हीच याची खूण. प्रोजेक्ट सी ड्राइव्हवर सरळ एखाद्या वेगळ्या फोल्डरात हलवा. तिथंही ‘ईपीईआरएम’ आलं तर डेव्ह सर्व्हर दुसऱ्या खिडकीत चालू आहे का बघा. चालू असलेल्या ईएसबिल्डची (व्हीट वापरतं तो एक वेगवान भाग) फाइल विंडोज पुसू देत नाही.

डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरणाऱ्यांसाठी: प्रोजेक्ट ‘/एमएनटी/सी’ खाली ठेवला तर फाइल बदलूनही पान ताजं होत नाही, कारण विंडोजच्या बाजूचे बदल लिनक्सला कळवले जात नाहीत. कॉन्फिगमध्ये (व्हीट.कॉन्फिग.जेएस या फाइलमध्ये) ‘यूजपोलिंग’ चालू करून काम भागतं, पण प्रोसेसर तापतो. प्रोजेक्ट लिनक्सच्या घरच्या फोल्डरात हलवणं कितीतरी बरं. इन्स्टॉलही जलद होतं.

‘मिसिंग स्क्रिप्ट: डेव्ह’, ‘ईएनओईएनटी’ आणि ‘व्हीट इज नॉट रेकग्नाइज्ड’

पहिल्या दोन त्रुटी म्हणजे टर्मिनल चुकीच्या फोल्डरात उभं आहे. प्रोजेक्ट बनल्यावर ‘सीडी’ करून आत जायचं राहिलेलं असतं. ‘एनपीएम प्रिफिक्स’ लिहा. एनपीएम कुठल्या फोल्डरला प्रोजेक्टचं मूळ समजतंय ते एका ओळीत कळतं. समोर पॅकेज.जेसन नसेल तर एनपीएम एकेक पायरी वर चढत शोधतं. कधीतरी घरच्या फोल्डरातच ‘एनपीएम इन्स्टॉल’ झालेलं असलं की तिथलं पॅकेज.जेसन सापडतं, आणि पुढचं सगळं तिथं जाऊन पडतं. उत्तर घरच्या फोल्डराचा पत्ता आलं तर तिथलं पॅकेज.जेसन, लॉक फाइल आणि नोड_मॉड्यूल्स काढून टाका.

तिसरी त्रुटी म्हणजे फोल्डर बरोबर, पण व्हीट आत नाही. एकतर इन्स्टॉल केलेलंच नाही, किंवा केलं पण विकासासाठीची पॅकेजं गाळली गेली. व्हीट पॅकेज.जेसनमध्ये ‘डेव्हडिपेंडन्सीज’ खाली असतं, आणि ‘नोड_ईएनव्ही’ हा परिवर्तक (एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल) ‘प्रॉडक्शन’ असेल तर एनपीएम तो विभाग सोडून देतं. ‘एनपीएम कॉन्फिग गेट ओमिट’ विचारा. उत्तर ‘डेव्ह’ आलं तर दोष सापडला. तात्पुरतं ‘एनपीएम इन्स्टॉल --इन्क्लूड=डेव्ह’ चालतं, पण मूळ परिवर्तक कुठं लिहिलाय ते शोधून काढा.

व्हीट जागतिक, म्हणजे ‘-जी’ लावून, बसवणं हा यावरचा उपाय नव्हे. त्यानं त्रुटी जाते, पण प्रोजेक्टला एक आवृत्ती आणि मशीनला दुसरी होते. लिनक्स-मॅकवर ‘-जी’मुळे ‘ईएसीसीईएस’ येतं, मग लोक ‘सुडो’ लावतात आणि पुढे कॅशमध्ये रूटच्या मालकीच्या फाइल्स अडकून साधं इन्स्टॉलही बंद पडतं. तसं झालंच असेल तर एनपीएम मालकी बदलायची पूर्ण आज्ञा त्रुटीतच छापून देतं. तीच उचलून चालवा.

नोड_मॉड्यूल्स उडवणं खरोखर केव्हा लागू पडतं

‘कॅनॉट फाइंड मॉड्यूल @रोलअप/रोलअप-लिनक्स-एक्स६४-जीएनयू’. किंवा ‘यू इन्स्टॉल्ड ईएसबिल्ड फॉर अनदर प्लॅटफॉर्म’. किंवा नव्या आवृत्तीत ‘कॅनॉट फाइंड नेटिव्ह बाइंडिंग’. तिन्हींचं मूळ एकच: व्हीटच्या आतले वेगवान भाग प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसरसाठी वेगळे बांधलेले असतात, आणि समोर आहेत ते दुसऱ्या मशीनचे.

हे होतं ते पेनड्राइव्हवर किंवा झिपमध्ये नोड_मॉड्यूल्ससकट प्रोजेक्ट दिल्यामुळे. एकच फोल्डर विंडोज आणि डब्ल्यूएसएल दोन्हीकडून वापरल्यामुळेही. तिसरं कारण जास्त छुपं आहे. एनपीएममध्ये ऐच्छिक पॅकेजांबाबत एक जुना दोष आहे. नोड_मॉड्यूल्स आधीच असताना लॉक फाइल नव्यानं तयार झाली, तर तिच्यात फक्त त्या मशीनचा भाग नोंदला जातो. मग मॅकवर बनलेली लॉक फाइल गिटमधून लिनक्सच्या सर्व्हरवर गेली की बिल्ड पडतो, आणि ‘माझ्याकडे तर चालतंय’ सुरू होतं.

इथं नोड_मॉड्यूल्स आणि पॅकेज-लॉक.जेसन ही दोन्ही एकत्र पुसून ‘एनपीएम इन्स्टॉल’ करायचं. फक्त नोड_मॉड्यूल्स पुसलं तर लॉक फाइल तोच अपुरा भाग परत आणते. आणि नुसती लॉक फाइल पुसली तर उरलेल्या फोल्डरावरून तीच अपुरी नोंद पुन्हा लिहिली जाते. नवी लॉक फाइल कमिट करा, नाहीतर सर्व्हरवर तेच. लॉक फाइल पुसल्यावर बाकीच्या पॅकेजांच्या आवृत्त्याही पुढे सरकतात, म्हणून चालू साइटवर हे करण्याआधी सध्याची स्थिती कमिट करून ठेवा. प्रोजेक्ट दुसऱ्याला देताना नोड_मॉड्यूल्स कधीच देऊ नये.

बाकीच्या त्रुटींवर हा उपाय म्हणजे वेळेचा अपव्यय. नोड जुनं असेल तर शंभरदा पुसून उपयोग नाही. ‘--फोर्स’ आणि ‘--लेगसी-पीअर-डेप्स’ यांचंही तसंच: ते तक्रार बंद करतात, कारण तसंच राहतं.

इन्स्टॉल अडकून ‘ईटाइम्डआउट’

‘एनपीएम कॉन्फिग गेट रजिस्ट्री’ आणि ‘एनपीएम कॉन्फिग गेट प्रॉक्सी’ या दोन ओळी पाहा. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या प्रॉक्सीचा पत्ता लॅपटॉपवर राहून गेला की घरच्या वायफायवर सगळं अडतं. ‘एनपीएम कॉन्फिग डिलीट प्रॉक्सी’ आणि तसंच ‘एचटीटीपीएस-प्रॉक्सी’ साठी करा. उलट बाजूनं, ऑफिसात ‘सेल्फ साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन’ आलं तर आयटी विभागाकडून मूळ प्रमाणपत्राची फाइल मागून ‘कॅफाइल’ या सेटिंगमध्ये तिचा पत्ता द्या. ‘स्ट्रिक्ट-एसएसएल फॉल्स’ हा सोपा वाटणारा उपाय प्रमाणपत्राची तपासणीच बंद करतो.

पोर्टचे घोळ

व्हीट ५१७३ वर ऐकतं. ते पोर्ट व्यापलेलं असेल तर ते मुकाट्यानं ५१७४ घेतं आणि टर्मिनलवर तसं छापतं. पण ब्राउझरमध्ये जुनंच टॅब उघडं असतं आणि ‘बदल केला तरी दिसत नाही’ म्हणून डोकं धरलं जातं. मागची खिडकी कंट्रोल-सी न करता बंद केली की असा जुना सर्व्हर मागे राहू शकतो. कॉन्फिगमध्ये ‘स्ट्रिक्टपोर्ट: ट्रू’ ठेवलं तर व्हीट दुसरं पोर्ट न घेता थांबतं. निदान गोंधळ तरी होत नाही.

विंडोजवर ‘लिसन ईएसीसीईएस: परमिशन डिनाइड ::१:५१७३’ ही निराळी भानगड. पोर्ट कुणी वापरत नसतं, तरी मिळत नाही. हायपर-व्ही किंवा डब्ल्यूएसएल चालू असलेल्या मशीनवर विंडोज काही पोर्टांचे पट्टे स्वतःसाठी राखून ठेवतं, आणि मशीन परत सुरू केलं की ते बदलू शकतात. म्हणूनच काल चालतं आणि आज नाही. ‘नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी’ लिहून यादीत ५१७३ येतं का बघा. येत असेल तर ‘एनपीएम रन डेव्ह -- --पोर्ट ३०००’ असं यादीबाहेरचं पोर्ट द्या, किंवा प्रशासक म्हणून ‘नेट स्टॉप विननॅट’ आणि लगेच ‘नेट स्टार्ट विननॅट’ करा.

फोनवर साइट बघायची असेल तर ‘एनपीएम रन डेव्ह -- --होस्ट’. मग छापलेला ‘नेटवर्क’ पत्ता त्याच वायफायवरच्या फोनमध्ये उघडतो. डब्ल्यूएसएलच्या आत चालवलं असेल तर तो पत्ता आतल्या आभासी नेटवर्कचा असतो, फोन तिथं पोचत नाही. बोगद्याच्या सेवेतून, म्हणजे एनग्रोकसारख्यातून, उघडताना ‘ब्लॉक्ड रिक्वेस्ट, धिस होस्ट इज नॉट अलाउड’ येतं. जानेवारी २०२५ मधल्या सुरक्षा दुरुस्तीपासून व्हीट अनोळखी नावाला नकार देतं, कॉन्फिगच्या ‘सर्व्हर.अलाउडहोस्ट्स’ मध्ये ते एकच नाव लिहा, ‘ट्रू’ लिहून सगळ्यांना मोकळं करू नका.

टर्मिनल ठीक, पान पांढरं

इंडेक्स.एचटीएमएलवर डबल क्लिक केलं असेल तर पान पांढरंच येणार. टेम्प्लेटमधली स्क्रिप्ट ‘मॉड्यूल’ प्रकारची असते आणि ‘फाइल://’ पत्त्यावरून ब्राउझर ती उघडत नाही. कन्सोलमध्ये ‘सीओआरएस’ची तक्रार दिसते. ‘एनपीएम रन बिल्ड’नं बनलेल्या ‘डिस्ट’ फोल्डरालाही हेच लागू. बिल्ड तपासायला ‘एनपीएम रन प्रिव्ह्यू’ आहे, ते ४१७३ वर उघडतं.

स्थानिक प्रिव्ह्यू ठीक, पण गिटहब पेजेसवर पांढरं, तर ‘बेस’ राहिलं आहे. तिथं प्रोजेक्टची साइट उपफोल्डरात असते, आणि बिल्डमधले पत्ते मात्र मुळापासून ‘/असेट्स/’ असे सुरू होतात. कॉन्फिगमध्ये ‘बेस’ म्हणून रेपॉझिटरीचं नाव दोन्ही बाजूंना तिरप्या रेघेसह द्या. व्हॅनिला टेम्प्लेटमध्ये व्हीट.कॉन्फिग.जेएस नसतंच, ते स्वतः बनवावं लागतं. फक्त काही चित्रंच गायब असतील तर नावातली लहानमोठी अक्षरं बघा: विंडोजला ‘लोगो.पीएनजी’ कसंही लिहिलेलं चालतं, लिनक्सच्या सर्व्हरला नाही.

यातलं काहीच लागू पडलं नाही आणि मदत मागायची वेळ आली, तर ‘नोड -व्ही’, ‘एनपीएम -व्ही’, ‘एनपीएम प्रिफिक्स’ यांची उत्तरं आणि त्रुटीचा पहिल्या ओळीपासूनचा मजकूर द्या, स्क्रीनशॉट नको. पूर्ण नोंद ‘.एनपीएम/_लॉग्ज’ मध्ये (विंडोजवर ‘एनपीएम-कॅश’ मधल्या ‘_लॉग्ज’ मध्ये) असते. एनपीएम शेवटच्या दहाच ठेवतं, त्यामुळे परत परत चालवून बघण्याआधी हवी ती बाजूला काढा. पाठवण्याआधी तिच्यात प्रॉक्सीचा पासवर्ड किंवा टोकन नाही ना, हे मात्र नजर फिरवून बघा.